जुन्या गाडीला एएफआर गेज: सेन्सरपासून ईसीयूपर्यंतची वायरिंग

एएफआर गेज, म्हणजे हवा आणि इंधनाचं प्रमाण दाखवणारं मीटर, बसवून झालं आणि आकडा दिसू लागला की बहुतेक जण काम संपलं असं समजतात. गेजवर दिसणारा आकडा आणि ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकापर्यंत, पोचणारा आकडा एकच आहे का, हे फार थोडे लोक तपासतात. या दोघांत फरक असला आणि ट्यूनिंग ईसीयूच्या आकड्यावर झालं, तर पूर्ण थ्रॉटलला इंजिन लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालू शकतं, ठोकायला लागतं आणि शेवटी पिस्टनवर येतं. म्हणून या लेखात सगळी जोडणी क्रमाने सांगतो, पण सर्वांत जास्त जागा ग्राउंडला, म्हणजे वायरिंगच्या निगेटिव्ह जोडाला, देतो. निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ तिथेच असतं.

उदाहरणासाठी अमेरिकेत विकली गेलेली १९९२ ते १९९५ ची होंडा सिव्हिक घेतली आहे: १.६ लिटरचं डी१६झेड६ इंजिन आणि पी२८ ईसीयू. जुन्या गाड्यांमध्ये हिच्या ईसीयूइतका उलगडलेला ईसीयू क्वचितच सापडेल, म्हणून पिन नंबरांसह बोलता येतं. भारतात १९९८ साली आलेल्या पहिल्या होंडा सिटीतही डी-सिरीजचंच इंजिन होतं, पण इंजिन भाऊबंद म्हणून पिनही त्याच असतील असं गृहीत धरू नका. सिटी असो, एस्टीम असो वा लान्सर, तत्त्व तेच राहील. पिन नंबर मात्र त्याच गाडीच्या वायरिंग डायग्राममधून घ्यायचा.

एक गाडी यातून वगळतो. त्याच पिढीतल्या सिव्हिक व्हीएक्समध्ये, अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत विकल्या गेलेल्या आवृत्तीत, होंडाने कारखान्यातूनच लीन-बर्नसाठी पाच वायरींचा वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचा नेमका आकडा देणारा) दिला होता. १९९२ साली ही मोठीच गोष्ट होती. पण तिच्या ईसीयूला तोच सेन्सर लागतो, त्यामुळे खाली सांगितलेली जोडणी व्हीएक्सला लागू नाही.

आधी दोन सेन्सरांतला फरक

गाडीत मुळात असलेला ओ-टू, म्हणजे ऑक्सिजन, सेन्सर नॅरोबँड असतो. तो साधारण ० ते १ व्होल्ट देतो आणि मिश्रण १४.७ च्या (एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) एका बाजूला आहे की दुसऱ्या, एवढंच सांगतो. रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.८ ते ०.९ व्होल्ट, लीन असेल तर ०.१ च्या आसपास, आणि मधली उडी ०.४५ जवळ. ईसीयू त्या उडीवर नजर ठेवून पेट्रोल थोडं वाढवतो, थोडं कमी करतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. १३ आणि १२ यांतला फरक या सेन्सरला विश्वासाने सांगता येत नाही. नुसता नॅरोबँडला जोडून रंगीत दिवे नाचवणारी स्वस्त गेज मिळतात. ती घेऊ नका, त्यांतून ट्यूनिंगला उपयोगी काहीच कळत नाही.

वाइडबँड सेन्सर, उदाहरणार्थ बॉशचा एलएसयू ४.९, वेगळ्या पद्धतीने काम करतो. त्याच्या आत एक मोजणारा सेल आणि एक पंप सेल असतो. मोजणाऱ्या सेलवर ४५० मिलिव्होल्ट टिकून राहावेत म्हणून कंट्रोलर पंप सेलमधून ऑक्सिजन आत किंवा बाहेर ढकलतो, आणि त्यासाठी किती करंट लागला यावरून मिश्रण कळतं. हे सगळं सेन्सरचं तोंड ७८० अंश सेल्सियसच्या आसपास असतानाच नीट चालतं. म्हणून त्याला जोरदार हीटर असतो, आणि हाच हीटर पुढे ग्राउंडची डोकेदुखी होतो.

तुम्हाला नेमकी कोणती जोडणी हवी आहे?

गेज ईसीयूला जोडायचं म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. खरेदीआधी हे ठरवा, कारण गेज त्यावरून निवडायचं आहे.

पहिली: मूळ ओ-टू सेन्सर जागेवरच राहतो, वाइडबँड वेगळ्या भोकात बसतो आणि ईसीयूला हातही लागत नाही. गाडीची तब्येत पाहायला एवढं पुरतं.

दुसरी: ईसीयूत चिप किंवा ट्यूनिंग बोर्ड बसवलेला आहे, आणि वाइडबँडचा ० ते ५ व्होल्टचा सिग्नल त्याच्या एखाद्या मोकळ्या इनपुटमध्ये द्यायचा आहे. मग आरपीएम, लोड आणि एएफआर लॅपटॉपवरच्या एकाच लॉगमध्ये (नोंदीत) येतात. ट्यूनिंग करणाऱ्याला हीच जोडणी हवी असते.

तिसरी: मूळ सेन्सर काढून टाकायचा आणि वाइडबँड कंट्रोलरकडून नॅरोबँडची नक्कल करणारा सिग्नल ईसीयूला द्यायचा. इनोव्हेट कंपनीच्या एलसी-२ कंट्रोलरमध्ये असा आउटपुट आधीपासूनच असतो.

एक गोष्ट कधीच करायची नाही: ० ते ५ व्होल्टचा आउटपुट थेट न बदललेल्या ईसीयूच्या ओ-टू पिनवर. एईएम कंपनीचं ३०-०३०० गेज १४.७ ला साधारण ३.१ व्होल्ट देतं. मूळ ईसीयू ०.४५ च्या वरचं सगळं रिच समजतो, त्यामुळे तो पेट्रोल कमी करत जातो. मिश्रण लीन होतं तसा गेजचा व्होल्टेज आणखी वाढतो आणि ईसीयू आणखी पेट्रोल कापतो. शेवटी इंजिन धडधडतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो.

माझा कल स्पष्ट आहे: मूळ सेन्सर काढू नका. वाइडबँडसाठी वेगळं भोक करा आणि पहिली किंवा दुसरी जोडणी निवडा. वाइडबँड सेन्सर कधी ना कधी मरतो; तेव्हा मूळ सेन्सर जागेवर असला तर गाडी रोजच्यासारखी चालत राहते.

सामान

वाइडबँड गेज किंवा कंट्रोलर, त्याचा सेन्सर, एम१८ × १.५ आट्यांचा वेल्डिंगचा बंग (सेन्सर बसवायची आटेदार रिंग) आणि त्याला बसणारा प्लग, मल्टिमीटर, चांगला क्रिम्पिंग पक्कड, हीट-श्रिंक (तापवल्यावर आकसणारी नळी), फायरवॉलसाठी (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) रबरी ग्रोमेट, फ्यूज होल्डर, आणि गाडीचा वायरिंग डायग्राम. सेन्सर ओळखीच्या दुकानातूनच घ्या. बॉशच्या ०२५८०१७०२५ या लोकप्रिय नंबराच्या नकला सर्रास विकल्या जातात, आणि नकली सेन्सरमागे सगळी वायरिंग पुन्हा पुन्हा तपासण्यात दिवस जातात.

एलएसयू ४.९ च्या प्लगमध्येच एक छोटा रेझिस्टर असतो. कारखान्यात त्या एका सेन्सरसाठी तो जुळवलेला असतो. म्हणून वायर लहान पडली तरी सेन्सरचा प्लग कापायचा नाही. गेज कंपनीची एक्स्टेन्शन वायर घ्यायची.

सेन्सरची जागा आणि वेल्डिंग

सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी हवा. कन्व्हर्टरनंतर धुराची रासायनिक घडणच बदललेली असते. टर्बो नसलेल्या इंजिनात सिलिंडर हेडच्या एक्झॉस्ट पोर्टपासून किमान दीड ते दोन फूट खाली, चारही सिलिंडरांचा धूर एकत्र आल्यावरची जागा शोधा. फार जवळ बसवला तर सेन्सर भाजतो. फार मागे बसवला तर आकडा उशिरा येतो आणि पाइपच्या जोडातून आत शिरलेली हवा मोजली जाण्याची शक्यता वाढते. टर्बो असेल तर टर्बोनंतरच.

पाइपच्या वर्तुळाकडे समोरून बघा आणि घड्याळाचे काटे डोळ्यांसमोर आणा: बंग १० ते २ च्या दरम्यान, म्हणजे वरच्या बाजूला. सेन्सर आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर झुकलेला असला पाहिजे. गाडी थंड असताना पाइपमध्ये पाणी साठतं. ते तापलेल्या सिरॅमिकवर उडालं की सिरॅमिकला तडा जातो, आणि असा मेलेला सेन्सर बाहेरून अगदी नवा दिसतो.

पाइप शक्यतो गाडीवरून उतरवून वेल्ड करून घ्या. सायलेन्सरच्या दुकानात हे नेहमीचं काम असतं, फक्त बंगाला आतून मोठा थेंब राहू देऊ नका असं सांगून ठेवा. गाडीवरच वेल्डिंग करावं लागलं तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीयूचे प्लग काढा आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा. वेल्डिंग चालू असताना बंगात जुना सेन्सर किंवा प्लग घट्ट बसवून ठेवला तर उष्णतेने आटे वेडेवाकडे होत नाहीत. नवा सेन्सर मात्र त्या वेळी बंगाच्या आसपासही नको.

सेन्सर ४० ते ६० न्यूटन-मीटरने आवळा. आट्यांना आधीच अँटी-सीझ लावलेलं असतं. परत लावायची वेळ आली तर फक्त आट्यांना, तोंडाला थेंबही नको. वायर पाइपपासून आणि हलणाऱ्या सांध्यांपासून दूर बांधा आणि फायरवॉलमधून ग्रोमेट लावूनच आत घ्या.

पॉवर

गेजला इग्निशन चालू असतानाच मिळणारे १२ व्होल्ट हवेत, आणि स्टार्टर फिरत असतानाही ते टिकले पाहिजेत. रेडिओची किंवा अ‍ॅक्सेसरीची लाइन इथे चालत नाही, कारण स्टार्ट मारताना ती बऱ्याच गाड्यांत तुटते. मग सेन्सरचा हीटर नेमका थंड इंजिन सुरू होतानाच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून चालू होतो. मल्टिमीटर लावा, कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा आणि तिन्ही स्थितींत व्होल्टेज बघा.

फ्यूज वेगळा आणि स्वतःचा. साधारण १० अँपिअर चालतो, पण पुस्तिकेत जो आकडा असेल तो अंतिम. इग्निशन कॉइल, इंजेक्टर किंवा ईसीयूच्या पॉवर वायरला टॅप मारू नका. हीटर थंड असताना काही अँपिअर ओढतो, आणि कॉइलच्या लाइनवरचा गोंगाट गेजमध्ये शिरतो.

ग्राउंड: इथे घाई नको

गेजचा ० ते ५ व्होल्टचा आउटपुट म्हणजे गेजच्या ग्राउंडपासून मोजलेले व्होल्ट. ईसीयू मात्र तेच व्होल्ट स्वतःच्या ग्राउंडपासून मोजतो. दोन्ही ग्राउंड एकाच पातळीवर असतील तरच दोघांचा आकडा जुळेल. डॅशबोर्डखालच्या एखाद्या रंगवलेल्या स्क्रूवर गेजचं ग्राउंड दिलं आणि ईसीयूचं ग्राउंड इंजिनवर असलं, तर मधल्या पत्र्यात, जुन्या स्ट्रॅपमध्ये, गंजलेल्या नटात थोडा थोडा रेझिस्टन्स असतो. त्यातून हीटरचा करंट वाहिला की व्होल्टेज पडतं.

हिशेब करून बघा. मधला रेझिस्टन्स ०.०५ ओहम आणि हीटरचा करंट २ अँपिअर धरला, तर फरक ०.१ व्होल्ट. एईएम ३०-०३०० चं सूत्र असं आहे: एएफआर = २.३७५ × व्होल्ट + ७.३१२५. म्हणजे ०.१ व्होल्टची चूक ही जवळजवळ ०.२४ एएफआरची चूक. इनोव्हेट एलसी-२ चा पहिला आउटपुट ० व्होल्टला ७.३५ आणि ५ व्होल्टला २२.३९ असा पसरलेला आहे, त्यामुळे तिथे तेवढ्याच व्होल्टला ०.३ ची चूक होते. गेजच्या काचेवर १२.५ आणि लॅपटॉपवर १२.७५ अशी तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

चुकीची दिशाही लक्षात घ्या. गेजचं ग्राउंड वर उचललं गेलं तर ईसीयूला मिश्रण खऱ्यापेक्षा लीन दिसतं; ट्यून करणारा पेट्रोल वाढवतो, गाडी जरा जास्त पिते, इंजिन वाचतं. पण इंजिनचा ग्राउंड स्ट्रॅप खराब असल्यामुळे ईसीयूचंच ग्राउंड वर उचललं गेलं, तर मिश्रण खऱ्यापेक्षा रिच दिसतं. मग पेट्रोल कमी केलं जातं, आणि इंजिनाचं नुकसान होतं ते या प्रकारात. एसी, हेडलाइट आणि पंखा चालू झाल्यावर हा फरक वाढतो, म्हणून दिवसा केलेलं ट्यूनिंग रात्री बिघडल्यासारखं वाटतं.

आता जोडणी. एईएम ३०-०३०० मध्ये दोन वेगळी ग्राउंड आहेत, आणि याच कारणासाठी मला ते जुन्या गाडीत बसवायला सोपं वाटतं. काळी वायर पॉवरचं ग्राउंड आहे. ती जाड, स्वच्छ खरवडलेल्या चॅसिस किंवा इंजिन ग्राउंडवर जाते. तपकिरी वायर फक्त सिग्नलचं ग्राउंड आहे. ती ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडवर जाते, पी२८ मध्ये डी२२ वर. पांढरी वायर सिग्नल.

काळी वायर कधीही सेन्सर ग्राउंडवर देऊ नका. डी२१ आणि डी२२ या नाजूक वायरी मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा), थ्रॉटल सेन्सर आणि तापमानाच्या सेन्सरांसाठी आहेत. त्यांतून हीटरचा करंट वाहिला तर एकट्या एएफआरचा आकडा बिघडून थांबत नाही, थ्रॉटल आणि मॅपचे आकडेही सरकतात, आणि मग ईसीयूचा पेट्रोलचा सगळाच हिशेब चुकतो.

एलसी-२ ला एकच काळं ग्राउंड आहे. ते ईसीयूची पॉवर ग्राउंड जिथे बोल्टने आवळलेली असतात तिथेच न्या. या सिव्हिकमध्ये ती जागा इंजिनवर थर्मोस्टॅट हाउसिंगपाशी आहे. तो बोल्ट काढा, रिंग टर्मिनल आणि धातू चकचकीत घासा, परत आवळा. हे काम मी प्रत्येक जुन्या गाडीत गेज बसवण्याआधीच करायला सांगतो. तीस वर्षांचा गंज तिथे असतोच. सोबत बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन हे स्ट्रॅपही बघून घ्या.

मग मोजा. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर, एक टोक गेजच्या ग्राउंडवर, दुसरं ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडवर. इंजिन चालू, हेडलाइट चालू, पंखा पूर्ण वेगात, मागची काच गरम करणारं बटण दाबलेलं. १० मिलिव्होल्टच्या आत आलं तर उत्तम. ५० च्या वर गेलं तर पुढे जाऊ नका, कुठला जोड खराब आहे ते आधी शोधा.

सिग्नल ईसीयूपर्यंत

या सिव्हिकचा ईसीयू पुढच्या प्रवाशाच्या पायापाशी, किक पॅनलमध्ये गालिच्यामागे आहे. किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, मगच त्याला हात लावा. तीन प्लग दिसतील: ए मध्ये २६ पिन, बी मध्ये १६ आणि डी मध्ये २२. आपल्याला लागणाऱ्या पिन अशा: डी१४ मूळ ओ-टू सेन्सरचा सिग्नल, डी२२ सेन्सर ग्राउंड, ए६ मूळ सेन्सरच्या हीटरचं नियंत्रण, आणि डी१० विजेच्या लोडचा सेन्सर, ज्याला होंडात ईएलडी म्हणतात.

डायग्राम प्लगकडे कोणत्या बाजूने पाहून काढलं आहे ते आधी बघा. वायरींच्या बाजूचं चित्र आणि पिनांच्या बाजूचं चित्र एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, आणि इथे फसणारे पुष्कळ आहेत. वायरीच्या रंगावरही विसंबू नका. तीस वर्षांत कोणीतरी मध्ये काहीतरी जोडलेलं असतं. डी प्लग आणि ओ-टू सेन्सरचा प्लग दोन्ही काढून त्या दोन टोकांत मल्टिमीटरची बीप येते का बघा. आली तरच ती डी१४.

महाराष्ट्रात जुन्या गाडीला सीएनजी किट लागलेलं असेल तर आणखी एक तपासणी करा. बऱ्याच किटमध्ये ओ-टू सेन्सरच्या वायरमध्ये एक छोटी डबी, इम्युलेटर, घातलेली असते, जी गॅसवर चालताना ईसीयूला खोटा सिग्नल देते. ती कुठे आहे हे कळल्याशिवाय त्या वायरला हात लावू नका.

दुसऱ्या जोडणीसाठी, म्हणजे ट्यूनिंग बोर्ड असलेल्या पी२८ साठी, वाइडबँडचा सिग्नल बहुधा डी१० वर देतात. आधी ईएलडीकडून येणारी वायर ईसीयूपासून दोन इंच अंतरावर कापून तिचं टोक झाका, आणि ईसीयूकडच्या तुकड्याला गेजची पांढरी वायर जोडा. सॉफ्टवेअरमध्ये ईएलडी बंद करायला विसरू नका, नाहीतर ईसीयू बिघाडाचा कोड २० देईल. मग सॉफ्टवेअरमध्ये गेजचा प्रकार निवडा किंवा वरचं सूत्र भरा.

इथे एक खाच आहे. ईसीयूच्या इनपुटवर आतून रेझिस्टर लावलेले असतात आणि काही वेळा ते गेजचा व्होल्टेज वर किंवा खाली ओढतात. तपासायला सोपं आहे: गेज चालू असताना पांढऱ्या वायरचा व्होल्टेज ईसीयूपासून सोडवून मोजा, मग जोडून मोजा. इंजिन बंद आणि सेन्सर मोकळ्या हवेत असेल तर आकडा स्थिर असतो, म्हणून तुलना तेव्हाच करा. दोन्ही आकडे सारखे हवेत. फरक आला तर इनपुट सिग्नल ओढतोय. तुमच्या बोर्डाच्या पुस्तिकेत त्या इनपुटसाठी कोणता बदल सांगितला आहे तो करा. सॉफ्टवेअरमध्ये अंदाजाने ऑफसेट टाकून वेळ मारून नेऊ नका.

तिसऱ्या जोडणीत एलसी-२ ची तपकिरी वायर डी१४ वर जाते, आणि मूळ सेन्सरची वायर तिथून सुटते. (एईएमची तपकिरी वायर ग्राउंड आहे आणि एलसी-२ ची सिग्नल, रंग एकच, काम वेगळं.) तपकिरी आउटपुट १४.० ला १.१ व्होल्ट आणि १५.० ला ०.१ व्होल्ट देतो, म्हणजे ०.४५ व्होल्ट १४.६५ ला येतात. ईसीयूला हवं तेच. पण ए६ वरून ईसीयू मूळ सेन्सरच्या हीटरवर नजर ठेवून असतो. तो प्लग रिकामा सोडला तर कोड ४१ येतो. सिग्नल चुकला तर कोड १. काही जण हीटरच्या जागी रेझिस्टर लावतात. तो चांगलाच तापतो, म्हणून प्लास्टिक आणि गालिच्यापासून दूर धातूवर आवळावा लागतो. मी मूळ सेन्सर जागेवरच ठेवा म्हणतो त्याचं हेही एक कारण.

नकली आउटपुट सॉफ्टवेअरने सरकवून गाडी १५.५ वर चालवायची आणि ॲव्हरेज वाढवायचं, हा सल्लाही कानावर येतो. तो मानू नका. तीन-मार्गी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १४.७ च्या अगदी अरुंद पट्ट्यातच नायट्रोजन ऑक्साइड कमी करतो. लीन बाजूला गेलं की ते तसंच बाहेर पडतं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीची उत्सर्जन यंत्रणा अशी बिघडवणं क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे, आणि इथे साध्या पीयूसीत ते पकडलं गेलं नाही तरी मागून येणाऱ्याच्या फुप्फुसात जातंच.

जोड कसा करावा

निळ्या-लाल टॅपच्या चापट क्लिपा ईसीयूच्या वायरिंगला लावू नका. त्या वायरीचे धागे कापतात आणि पावसाळ्यात आत ओल शिरते. वायर न कापता तिच्यावरचं आवरण वायर स्ट्रिपरने अर्धा सेंटिमीटर सरकवा, गेजची वायर गुंडाळा, सोल्डर करा, टेप लावा आणि मग वायर जवळच्या गुच्छाला बांधून टाका म्हणजे जोडावर ताण येणार नाही. जिथे वायर कापावीच लागते तिथे चांगल्या क्रिम्पवर चिकट आतल्या थराची हीट-श्रिंक. सिग्नलची वायर इग्निशनच्या वायरींपासून दूर न्या, आणि उरलेली लांबी गुंडाळी करून ठेवण्यापेक्षा कापून टाका.

चालू करून तपासणी

बॅटरी जोडा. इग्निशन चालू करा, इंजिन नाही. गेज आधी सेन्सर गरम करेल, मग इंजिन बंद असल्यामुळे अगदी लीन टोक दाखवेल. एलसी-२ ला पहिल्यांदा पुस्तिकेत सांगितलेला सेन्सर-जोडणीचा क्रम पाळावा लागतो आणि मोकळ्या हवेत कॅलिब्रेशन करता येतं. एईएमला त्याची गरज नाही.

इंजिन सुरू करून पूर्ण गरम होऊ द्या. आयडलला आकडा १४.७ च्या आजूबाजूला हलत राहिला पाहिजे. तो एका जागी गोठलेला असेल तर ईसीयू क्लोज्ड लूपमध्ये नाही. याच वेळी डी१४ वर मल्टिमीटर लावून बघा. मूळ सेन्सर ०.१ ते ०.९ मध्ये वरखाली करत असला पाहिजे.

मग गेजची काच आणि लॉग शेजारी ठेवून तुलना करा. १४.७ ला एईएमच्या पांढऱ्या वायरवर ३.११ व्होल्ट, १३.० ला २.३९, १२.० ला १.९७. एलसी-२ च्या पिवळ्या वायरवर १४.७ ला २.४४. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर ग्राउंड बघा. आकडा वाढेल तसा फरक वाढत असेल तर सूत्र चुकीचं भरलंय किंवा इनपुट सिग्नल ओढतोय.

चेक इंजिन लागलं तर प्रवाशाच्या बाजूचा दोन पिनांचा सर्व्हिस कनेक्टर जोडून दिव्याची उघडझाप मोजा: लांब म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. दुरुस्तीनंतर इंजिन बेमधला बॅक-अप फ्यूज दहा सेकंद काढला की मेमरी पुसली जाते.

आकडा वाचताना

गेज खरं तर एएफआर मोजत नाही. ते लॅम्डा मोजतं, म्हणजे पूर्ण ज्वलनाला लागते त्याच्या किती पट हवा आहे, आणि त्याला १४.७ ने गुणून दाखवतं. १४.७ हा शुद्ध पेट्रोलचा आकडा. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे ई१० ला तो सुमारे १४.१ आणि आता भारतातल्या पंपांवर मिळणाऱ्या ई२० ला सुमारे १३.५ होतो. तरीही लॅम्डा १ असताना तुमचं गेज १४.७ च दाखवेल. आकडा बरोबर, फक्त तो त्या इंधनाचा खरा एएफआर नाही. माझा आग्रह आहे की गेज लॅम्डावर लावून वाचायची सवय करा. इंधन बदललं तरी लक्ष्य बदलत नाही. टर्बो नसलेल्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८५ ते ०.८८ च्या आसपास ठेवतात, म्हणजे पेट्रोलच्या गेजवर १२.५ ते १३.

जुनी, ई२० साठी न बनवलेली गाडी ते इंधन पिते तेव्हा क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू दुरुस्ती करून घेतो. पूर्ण थ्रॉटलला तो सेन्सर बघत नाही, तेव्हा मिश्रण आधीपेक्षा लीन होतं. नव्याने बसवलेलं गेज ही गोष्ट पहिल्याच चढावर दाखवतं, आणि भारतात जुनी गाडी जपणाऱ्याला गेज हवं त्याचं सध्या हे सर्वांत मोठं कारण आहे.

काही आकडे फसवे असतात. एखादा सिलिंडर मिस होत असेल तर न जळलेला ऑक्सिजन बाहेर येतो आणि गेज लीन दाखवतं, जरी पेट्रोल भरपूर असलं तरी. सेन्सरच्या आधी गॅस्केट फुंकत असेल तर आयडलला लीन आणि वेगात बरोबर, असं दिसतं. पाय उचलल्यावर आकडा लीनच्या टोकाला जाणं मात्र योग्यच आहे. त्या वेळी ईसीयू इंजेक्टर बंद करतो. म्हणून पेट्रोलचा नकाशा (ईसीयूतला पेट्रोलच्या मात्रेचा तक्ता) बदलायला घेण्याआधी प्लग, प्लगच्या वायरी आणि एक्झॉस्टचे जोड बघून घ्या.

सेन्सरला शिसं, इंजिन ऑइल आणि सिलिकॉनची वाफ मारते. शिसं असलेलं रेसिंग इंधन वापरणाऱ्यांनी सेन्सर लवकर बदलायची तयारी ठेवावी, आणि इंजिनात गॅस्केट सीलंट वापरताना डब्यावर सेन्सर-सेफ लिहिलेलं बघून घ्यावं. आणि गेज कधी बंद ठेवायचं ठरलं, दुरुस्तीला द्यायचं झालं किंवा फ्यूज काढून ठेवला, तर सेन्सरही पाइपमधून काढा आणि बंगाला प्लग लावा. धुरात थंड बसलेल्या सेन्सरवर काजळी आणि पाणी जमतं, आणि परत चालू करताना तो बहुधा मेलेलाच निघतो.